‘मनःस्थिती : तपासता आली नाही’ – पक्षाघाताच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्यांना खुले पत्र

पक्षाघाताच्या वॉर्डात काम करणाऱ्या सर्व डॉक्टरांना, परिचारिकांना, वाचा-उपचारतज्ज्ञांना आणि फिजिओथेरपिस्टना,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मोठ्या बहिणीच्या डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ मला गेली तीन वर्षं पाठ आहे. कार्ड चांगलं दोन पानी होतं. रक्तदाब, साखर, उजव्या हाताची ताकद, उजव्या पायाची ताकद, गिळताना ठसका लागतो का, एमआरआयमध्ये काय दिसलं, गोळ्यांची नावं आणि वेळा, सगळं नीट लिहिलेलं. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी : ‘मनःस्थिती : तपासता आली नाही. रुग्ण बोलत नाही.’

ही वाक्यं दोन आहेत, पण त्यांच्यामध्ये न लिहिलेला एक ‘म्हणून’ आहे. रुग्ण बोलत नाही, म्हणून तिच्या मनात काय चाललंय ते तपासता आलं नाही. हे पत्र मी त्या ‘म्हणून’बद्दल लिहितेय.

ताईला वेळेत दवाखान्यात नेलं गेलं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळालं. ती वाचली, आज काठी घेऊन का होईना, स्वतः चालते. त्या रात्री ज्यांनी तिच्यासाठी धावपळ केली त्यांची मी जन्मभर ऋणी आहे. रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही, कारण हा प्रश्न एका रुग्णालयाचा नाही. नंतर मी वाचा गेलेल्या बऱ्याच माणसांच्या घरच्यांशी बोलले. त्यांच्या कागदांवर मनःस्थितीचा रकानाच नव्हता.

ताई बँकेत २६ वर्षं कॅशियर होती. पक्षाघातानंतर चौथ्या दिवशी परिचारिकेने तिला अंक म्हणायला लावले. ‘एक’ म्हटल्यावर ताई थेट वीसपर्यंत धडाधड म्हणत गेली. आम्हाला रडू फुटलं, इतका आनंद झाला. मग भाऊजींनी एका हाताची बोटं पुढे धरून विचारलं, ‘किती?’ तो एकटा ‘पाच’ काही ताईला बाहेर काढता येईना. ओठ हलले, भलताच आवाज आला, आणि तिने डोळे मिटून घेतले.

ओळीने पाठ असलेलं, म्हणजे अंक, वार, प्रार्थना, किंवा रागाच्या भरात तोंडून सुटणारी शिवी, मेंदूतल्या इजेमुळे भाषा हरवते त्या वाचाघातातही पुष्कळदा शाबूत राहतं. ठरवून म्हणायचा एक साधा शब्द मात्र सापडत नाही. ह्युलिंग्ज जॅक्सन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय. तुम्हाला ते शिकताना सांगितलेलं असतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पुढचे कित्येक आठवडे भेटायला येणारा प्रत्येक जण ताईला म्हणायचा, ‘अगं, वीसपर्यंत म्हणतेस की! मग बोलत का नाहीस?’ तिला हे सगळं कळत होतं. उत्तर देता येत नव्हतं.

आणि तिचा ‘नाही’. त्या दिवसांत हुकमी येणारा तो तिचा एकच शब्द होता. ‘पाणी हवंय?’ ‘नाही.’ आणि डावा हात पेल्याकडे गेलेला. ‘डोकं दुखतंय?’ ‘नाही’, आणि कपाळाला आठ्या. हो म्हणायचं असलं तरी नाही, नाही म्हणायचं असलं तरी नाही. घरात आम्ही आठवड्याभरात शिकलो की तिच्या शब्दाकडे नाही, हाताकडे बघायचं. सहा आठवड्यांनी तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आपणहून विचारलं, ‘मन उदास असतं का?’ ताई म्हणाली, ‘नाही.’ डॉक्टर ‘छान’ म्हणाले आणि पुढची चिठ्ठी लिहायला लागले. त्यांनी विचारलं याचंच मला तेव्हा बरं वाटलं होतं. मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या साडेतीन महिन्यांत ताई मिटत गेली. पहिले काही दिवस ती फिजिओच्या आधी स्वतःच व्यायामाला तयार होऊन बसायची. मग तिने हात देणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पहाटे तीनला जागी व्हायची आणि उजाडेपर्यंत छताकडे बघायची. केस विंचरायला गेलं की मान फिरवायची. मुलगा जवळ येऊन बसला तर त्याच्याकडे बघायचीच नाही. या प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एकेक कारण तयार होतं. पॅरालिसिसमध्ये थकवा येतोच. गोळ्यांनी झोप बिघडते. भूक कमी होते. स्वभाव बदलतो. सगळीच कारणं खरी वाटण्यासारखी होती, आणि विचारायला गेलं की तुमच्यापैकीही कुणी ना कुणी त्यातलंच एखादं सांगायचं.

आम्ही तर परीक्षकच होऊन बसलो होतो. कंगवा दाखवायचा, पेन दाखवायचं, चमचा दाखवायचा. ‘हे काय आहे? सांग बरं.’ दिवसातून दहा वेळा. एका दुपारी तिने कंगवा भिंतीवर फेकला आणि अंग हलेपर्यंत रडली. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर काम करणाऱ्या कुर्ट गोल्डस्टाइन या डॉक्टरांनी या कोसळण्याचं वर्णन करून ठेवलंय. एरवी सहज जमणारी गोष्ट जमत नाही असं समोर आलं की माणूस असा एकदम ढासळतो. आमच्या घरात त्या दिवशी त्याला ‘हट्टीपणा’ हे नाव मिळालं.

असं नाव देणं जुनंच आहे. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न नावाचा एक माणूस २१ वर्षं होता. काहीही विचारलं तरी तो ‘तां तां’ एवढंच म्हणायचा. १८६१ मध्ये तो वारल्यावर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला आणि बोलण्याशी जोडलेली जागा दाखवली. ती जागा आज ब्रोकांच्या नावाने ओळखली जाते. लेबोर्नचा आजार ताईसारखा अचानक आलेला नव्हता, पण ब्रोकांच्याच नोंदीत एक गोष्ट आहे जी वाचताना मी थांबले. हातवाऱ्यांनी सांगूनही समोरच्याला कळलं नाही की तो संतापायचा, आणि त्याच्या आसपासचे रुग्ण त्याला आपमतलबी, खुनशी, दुष्ट समजायचे. मेंदूतली ती जागा जगभरच्या पुस्तकांत गेली. एकवीस वर्षं आपलं म्हणणं पोचत नसलेल्या माणसाचा संताप मात्र स्वभावाच्या खात्यात जमा झाला.

ताईचं काय होतंय ते शेवटी एका तरुण वाचा-उपचारतज्ज्ञ मुलीने ओळखलं. पक्षाघाताला पाच महिने झाले होते. ती दुसऱ्यांदाच घरी आली होती. त्या दिवशी तिने शब्दांची कार्डं बाहेर काढलीच नाहीत. टीव्ही बंद करायला सांगितलं, खुर्ची ताईच्या डाव्या बाजूला, डोळ्यांच्या पातळीवर ओढली. एका कागदावर जाड मार्करने मोठ्या अक्षरांत तीन शब्द लिहिले : हो, नाही, माहीत नाही. शेजारी बरोबरची खूण, फुली आणि प्रश्नचिन्ह. मग तिने उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारले. ‘आपण आत्ता घरात आहोत का?’ ताईचं तोंड ‘नाही’ म्हणालं, बोट ‘हो’वर गेलं. ‘आपण बँकेत आहोत का?’ तोंड ‘नाही’, बोटही ‘नाही’वर. अशी पाच-सहा प्रश्नांत तिची खात्री पटली की या बाईंचं बोट खरं बोलतं.

त्यानंतर तिने पाच चेहरे काढले, हसऱ्यापासून रडवेल्यापर्यंत. खाली लिहिलं, ‘आज’. ताईचं बोट शेवटच्या चेहऱ्यावर. ‘आज’ खोडून ‘रोज?’ लिहिलं. बोट ‘हो’वर. मग तोच प्रश्न उलटा करून, ‘काही दिवस बरं वाटतं का?’ बोट ‘नाही’वर. प्रत्येक प्रश्नानंतर ती मुलगी थांबत होती. मला ती शांतता सहन होत नव्हती, मी दोनदा मध्ये बोलायला गेले आणि तिने हातानेच मला थांबवलं. मग मला म्हणाली, ‘ताई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबता का?’ मी थांबले.

आत काय विचारलं गेलं ते मला नंतर कळलं, तेही ताईला आधी कार्डावर विचारून, ‘बहिणीला सांगू का?’ तिने हो म्हटल्यावर. तिला विचारलं होतं, जगणं नकोसं वाटतं का? तिने हो म्हटलं होतं. त्या रात्री माझी बहीण कित्येक आठवड्यांनी सकाळपर्यंत झोपली. तोवर गोळी सुरू झालेली नव्हती, काहीच सुरू झालेलं नव्हतं. कुणीतरी विचारलं होतं, आणि तिला सांगता आलं होतं.

त्याच आठवड्यात आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्या मुलीने तीन शब्दांचा कागद आणि ‘यांच्या तोंडच्या नाहीवर विसंबू नका’ अशी चिठ्ठी बरोबर दिली होती. औषध सुरू झालं, दर आठवड्याला भेटी सुरू झाल्या. दोन-अडीच महिन्यांनी ताई पुन्हा व्यायामाला बसायला लागली. तोपर्यंत तिचे शब्द फारसे वाढले नव्हते. ती बसायला लागली म्हणून मग हळूहळू वाढले. हा क्रम मी मुद्दाम लिहितेय, कारण आम्हाला सगळीकडे उलटा क्रम सांगितला गेला होता : आधी बोलणं येऊ दे, मग मन आपोआप सुधारेल. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाला बोलायला कोण शिकवणार होतं?

आकडे तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत. तरी जे वाचलं ते लिहिते. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना सुरुवातीला वाचाघात होतो. पक्षाघातानंतर नैराश्य येणाऱ्यांचं प्रमाणही साधारण एक तृतीयांश आहे. हे दोन्ही गट जिथे एकमेकांत मिसळतात तिथे चित्र आणखी वाईट दिसतं. फिनलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाचाघात असलेल्यांपैकी ७० टक्के लोकांमध्ये तीन महिन्यांनी नैराश्य होतं, वर्षानंतरही ६० टक्क्यांहून जास्त लोकांमध्ये. गट लहान होता, म्हणून मी या आकड्याला पक्का मानत नाही. पण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१० साली काळजी-केंद्रांतल्या ६६ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि जगण्याची गुणवत्ता सगळ्यात जास्त खालावणाऱ्या अवस्थांमध्ये वाचाघात पहिला आला. कर्करोग आणि अल्झायमर त्याच्या मागे होते.

तरीही पक्षाघातानंतरच्या नैराश्याचे बरेच अभ्यास वाचा गेलेल्या माणसांना सुरुवातीलाच वगळतात. कारण तेच. प्रश्नावली भरता येत नाही. ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा असं वाटलं की…’ असं लांबलचक वाक्य समजून घ्यायचं, मग चार पर्यायांतून एक निवडायचा. ज्याची भाषाच दुखावली आहे त्याला त्याचं दुःख भाषेतच मोजून दाखवायला सांगितलं जातं, आणि ते जमलं नाही की त्याचं नाव यादीतून जातं.

पण दुसरे मार्ग आहेत, आणि ते नवे नाहीत. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅममध्ये सटक्लिफ आणि लिंकन या संशोधकांनी १९९८ साली खास वाचाघात असलेल्यांसाठी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचं नाव ‘स्ट्रोक अफेजिक डिप्रेशन क्वेश्चनेअर’. ती रुग्णाने भरायचीच नाही, त्याच्याबरोबर राहणाऱ्याने भरायची. तिचं दहा प्रश्नांचं छोटं रूप आहे, आणि रुग्णालयातल्या परिचारिकांसाठी वेगळं रूपही आहे. रात्री अस्वस्थ असतात का, नजर टाळतात का, रडू फुटतं का, काही न करता बसून राहतात का, चारचौघांत यायला नकार देतात का, असे साधे प्रश्न. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण ते पाच महिने तिथे ओळीने लिहिलेले होते. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००४ साली नऊ मुद्द्यांची आणखी एक मोजपट्टी आणली, तीही बघून भरायची. चेहऱ्यांच्या आणि उभ्या रेघेच्या पट्ट्या तर त्याआधीपासून आहेत. यातलं काहीही एमआरआयइतकं महाग नाही. कागद लागतो, आणि पंधरा मिनिटं.

तुमच्यातला कुणी म्हणेल, बघून ठरवणं इतकं सोपं नाही. खरंच नाही. पक्षाघातानंतर काही जणांना आतून वाईट न वाटताही रडू येतं, थांबवता येत नाही, कधीकधी हसूही तसंच येतं. त्याला नैराश्य म्हणता येत नाही, त्यावरचे उपाय वेगळे. काही जण नुसते बसून असतात ते उत्साह निर्माण करणारी यंत्रणाच मंदावल्यामुळे, मनात दुःख असेलच असं नाही. थकवा आहे, औषधांचे परिणाम आहेत. काही जणांना समजणंच इतकं कमी झालेलं असतं की चेहऱ्यांचा कागदही उपयोगी पडत नाही. हे फरक ओळखायला घरच्यांना जमणार नाही. ते जमतं ते तुम्हालाच, आणि म्हणूनच मी तुम्हाला लिहितेय. गोंधळ होण्यासारखा आहे हे तपासणी नीट करण्याचं कारण आहे. रकाना रिकामा ठेवण्याचं नाही.

सरसकट सगळ्यांना गोळी देऊन टाकणं हाही मार्ग नव्हे. २०१८ साली ‘फोकस’ या चाचणीचे निष्कर्ष आले. तीन हजारांहून जास्त रुग्ण होते, निम्म्यांना सहा महिने फ्लुऑक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध दिलं. नैराश्य कमी जणांना आलं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं, आणि हिंडण्याफिरण्यात, रोजच्या कामांत काही फरक पडला नाही. ज्याला गरज आहे त्याला औषध हवंच. ताईला त्याचा उपयोग झाला. पण गरज कुणाला आहे ते आधी शोधावं लागेल ना?

आणि बोलता येत नसलेल्या माणसाला मानसोपचार देता येत नाही, हा समजही सोडून द्या, अशी हात जोडून विनंती. ब्रिटनमध्ये १०५ जणांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काम’ (इंग्रजीत CALM) नावाच्या चाचणीत वाचाघात आणि खालावलेलं मन दोन्ही असलेल्या लोकांना तीन महिन्यांत जास्तीत जास्त २० भेटी दिल्या गेल्या. भर बोलण्यावर नव्हता, करण्यावर होता. या माणसाला आधी कशात आनंद वाटायचा ते चित्रांवरून, फोटोंवरून शोधायचं, त्यातलं जे जमेल ते लहान पायऱ्यांनी पुन्हा करायला लावायचं. सहा महिन्यांनी त्यांची मनःस्थिती इतरांपेक्षा सुधारलेली होती. ताईच्या बाबतीत ती गोष्ट निघाली हिशेब. भाऊजींनी घरखर्चाची वही तिच्यापुढे ठेवली. आकडे म्हणता येत नव्हते, पण बेरजेतली चूक तिने बोटाने दाखवली. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती कुणाचं तरी चुकलेलं दाखवत होती.

तुमच्यातल्या कुणीतरी आम्हाला सांगितलेलं एक वाक्य मला परत करायचं आहे. ‘जे यायचं ते सहा महिन्यांत येईल, नंतर नाही.’ ते ताईसमोर, ती ऐकत असताना सांगितलं गेलं. त्यानंतर ती दिवस मोजत होती, हे मला आता कळतंय. पहिल्या महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरंच आहे. पण जर्मनीत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पक्षाघाताला सहा महिन्यांहून जास्त काळ उलटून गेलेल्यांनाच घेतलं होतं. निदान तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा जास्त वाचा-उपचार दिल्यावर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. दार सहा महिन्यांनी बंद होत नाही. ते बंद होतं असं सांगितलं की मात्र माणूस दार ठोठावणं सोडतो.

आता राउंडबद्दल. तुम्ही खाटेपाशी येता आणि मला विचारता, ‘यांना झोप लागते का? यांनी काल व्यायाम केला का?’ ताई आमच्या दोघांच्या मध्ये पडलेली असते आणि तुमचं बोलणं तिच्या अंगावरून जातं. कुणी तिच्याशी बोललंच तर मोठ्या आवाजात, बहिरी असल्यासारखं, किंवा ‘आता शहाण्यासारखं बसायचं हं’ असं लहान मुलासारखं. तिने २६ वर्षांत किती कोटी मोजून दिले असतील कोण जाणे.

सॅम्युअल जॉन्सन हे इंग्रजीचे शब्दकोशकार. जून १७८३ मधल्या एका रात्री त्यांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. बुद्धी शाबूत आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी मनातल्या मनात लॅटिन पद्यात प्रार्थना रचली. ओळी काही फार चांगल्या झाल्या नाहीत. पण त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळतंय, म्हणजे बुद्धी ठीक आहे, असं त्यांनी ताडलं. दुसऱ्या दिवशी तोंडातून शब्द येत नसताना त्यांनी चिठ्ठ्या लिहून मदत मागवली. त्यांचा हात चालत होता म्हणून हे आज आपल्याला माहीत आहे. ज्यांचा हातही गेला त्यांच्या मनात त्या रात्री काय रचलं गेलं असेल?

टोरोंटोच्या ऑरा कागन यांनी वाचाघात असलेल्या माणसाशी बोलण्याची जी पद्धत घडवली तिचा पाया एका साध्या कबुलीत आहे : तुम्हाला कळतंय हे मला माहीत आहे. हे तोंडाने म्हणायचं, आणि वागण्यातून दाखवायचं. छोटं वाक्य. एका वेळी एकच गोष्ट. मुख्य शब्द कागदावर लिहायचा. थांबायचं. जे समजलं ते परत सांगून पडताळून घ्यायचं. त्यांनी साध्या स्वयंसेवकांना हे शिकवलं, आणि नियंत्रित चाचणीत दाखवून दिलं की समोरचा माणूस शिकला की वाचाघात असलेल्याचं म्हणणंही जास्त पोचतं. स्वयंसेवकांना येतं ते तुम्हाला नक्की येईल. ताईकडे आलेल्या त्या मुलीने दुसरं काही केलं नव्हतं.

सगळ्यात अवघड प्रश्न टाळू नका, एवढं तर मागतेच. पक्षाघातानंतर आत्महत्येचा धोका वाढतो हे तुम्ही जाणता. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून निदान एखादं वाक्य निसटतं, ‘आता मला जगून काय करायचंय’ असं, आणि घरचे सावध होतात. वाचा गेलेल्याच्या तोंडून काहीच निसटत नाही. म्हणून त्याला विचारायलाच हवं, कागदावर लिहून, घरच्यांना बाहेर थांबवून, उत्तर दोनदा पडताळून. विचारल्याने तो विचार मनात घुसतो असं आम्हाला वाटायचं. ताईच्या मनात तो आधीच होता, एकटा.

आणि जाता जाता दाराजवळ उभ्या असलेल्या माणसाकडेही एकदा बघा. भाऊजींचं त्या वर्षी बारा किलो वजन कमी झालं. त्यांना बोलता येत होतं, तरी त्यांनाही कुणी विचारलं नाही.

तर माझं मागणं हे आहे. वाचाघात झालेल्या प्रत्येक माणसाची मनःस्थिती तो वॉर्डात असतानाच, बोलण्यावर विसंबून नसलेल्या पद्धतीने तपासली जावी. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासली जावी, कारण ताई वॉर्डातून निघाली तेव्हा बहुधा बरी होती, ढासळली नंतर. डिस्चार्जच्या वेळी घरच्यांना ते दहा प्रश्न हातात द्यावेत आणि कुणाला फोन करायचा ते सांगावं. हे ज्या कारणाने राहून जाईल ते कारण रकान्यात प्रामाणिकपणे लिहावं : वेळ नव्हता, माणूस नव्हतं, शिकवलेलं नव्हतं. ते वाचून पुढचा कुणी तरी काही करू शकेल. ‘तपासता आली नाही’ वाचून कुणी काही करत नाही. त्या ओळीतली ‘ता आ’ ही दोन अक्षरं खोडली तर उरतं, ‘तपासली नाही’. माझ्याकडच्या कार्डावर मी ती खोडून ठेवली आहेत.

हे पत्र मी ताईला चार दिवस थोडं थोडं वाचून दाखवलं, तिचा तीन शब्दांचा कागद पुढे ठेवून. तिच्याबद्दलचे दोन परिच्छेद तिने काढायला लावले, ते काढले. जगणं नकोसं वाटण्याबद्दलचा भाग ठेवू का, असं मी दोनदा विचारलं, एकदा सरळ, एकदा उलटं. दोन्ही वेळा बोट एकाच बाजूला गेलं. बारा किलोंपाशी तिने मला थांबवलं आणि भाऊजींकडे बघत राहिली. तिला ते माहीत नव्हतं. मग तिने कागद स्वतःकडे ओढला, चेहऱ्यांची पट्टी भाऊजींच्या पुढे सरकवली, आणि वाट बघत बसली.

आपली,
एका रुग्णाची धाकटी बहीण